धरून ठेवलेली जागा

चिखली
शनिवार, २४ मे

आयशा,

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते, मग बाकीचं.

१८ मेच्या पत्रात मी लिहिलं होतं, "पुण्याच्या शिष्यवृत्तीचं माझं अजून काही ठरलेलं नाही." ते बरोबर नाही. बुधवारी, १४ मेला, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी मी ती शिष्यवृत्ती स्वीकारली. म्हणजे ते वाक्य लिहिलं तेव्हा चार दिवस उलटून गेले होते. लिहिताना मी स्वतःची अशी समजूत घातली की हैदराबादचा निकाल यायचा आहे, तोवर 'ठरलं' म्हणता येत नाही. पण तू विचारू नयेस म्हणूनच मी ते वाक्य तसं केलं होतं, हेही मला तेव्हा कळत होतं.

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून हेही पत्र पोस्टानेच पाठवते.

पुण्याच्या सप्तधारा विद्यापीठाची यादी तू पाहिलीच आहेस. प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगी. चार वर्षांची फी, वसतिगृह, जेवण सगळं त्यांचं. बुलडाणा जिल्ह्यापुढे माझं नाव, आणि त्याखाली 'प्रतीक्षा १' म्हणून तुझं. आपल्या दोघींची नावं एकाखाली एक. अकरावी-बारावी दोन वर्षं हजेरीत कधी शेजारी आली नाहीत, ती इथे आली.

स्वीकारायची मुदत १५ मेपर्यंत होती. बाजार समितीच्या फाटकाजवळ गजेंद्रभाऊंचं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, तिथे बाबा आणि मी गेलो. बाबा मापाडीचं काम मध्येच सोडून काट्यावरून उठून आले होते, अंगावर सोयाबीनचा भुसा तसाच. पालकांच्या संमतीचा कागद मी त्यांना दोनदा वाचून दाखवला. त्यांना काट्यावरचे आकडे कळतात, अक्षरं नाही. सही मात्र येते. ती त्यांनी इतकी सावकाश केली की गजेंद्रभाऊ म्हणाले, "महादेवभाऊ, पोतं नाही मोजून राह्यले, सही करा."

बाबा म्हणाले, "पोरीचं वजन हाये ह्या कागदात. घाईनं नाही होत."

मग मला विचारलं, "आता पक्कं ना वं?"

मी "हो" म्हटलं. हैदराबादचं मी त्यांना सांगितलं होतं, पण ते त्यांना नीट कळेल अशा रीतीने सांगितलं नव्हतं. हीही एक दुरुस्ती समज.

आता जे लिहायला नको ते लिहिते, कारण दुसरं कोणी ऐकणारं नाही: मला खूप आनंद झाला आहे. पत्रासोबत वसतिगृहाची यादी आली. दोन चादरी, एक बादली, एक कुलूप. मायने त्याच संध्याकाळी कुलूप आणलं, आणि ते खरंच लागतं का हे पाहायला घराच्या दाराला लावून आम्हाला सगळ्यांना अंगणात उभं केलं. पाच वेळा लावलं, पाच वेळा उघडलं. "घरातून कोनी शिकाले बाहेर गेलं नाही आजवर," ती म्हणाली, "कुलूप त धडाचं पाह्यजे."

हैदराबादच्या भूशास्त्र संस्थेची मुलाखत २ जूनला आहे. निकाल १६ला.

योगिनी


चिखली
गुरुवार, २९ मे

आयशा,

फ्लेक्स मी लावलेला नाही. हे सगळ्यात आधी.

परवा सकाळी बाजार समितीच्या फाटकावर बारा फुटांचा फ्लेक्स दिसला. माझा दहावीतला, दोन वेण्यांचा फोटो, आणि बाजूला बाबांचा, टोपी घातलेला. 'हमाल-मापाडी संघटनेतर्फे हार्दिक अभिनंदन. कु. योगिनी हिची पुणे येथे उच्च शिक्षणासाठी निवड.' गजेंद्रभाऊ संघटनेचे सचिव आहेत. दुकानात माझा कागद निघाला त्याच दिवशी त्यांच्या डोक्यात हे आलं असावं. हमालांनी वर्गणी केली, त्यात ज्यांची पोरं सातवीत शाळा सोडून बसली आहेत तेही होते.

बाबा रोज फाटकातून आत जाताना फ्लेक्सकडे पाहत नाहीत. इकडेतिकडे पाहतात, चप्पल झटकतात आणि हळूहळू चालतात. एका शेतकऱ्याने विचारलं, "पोरगी कोन्ती तुमची?" तर बाबा म्हणाले, "वाचता येत असन त वाचा, मले नाही येत." आणि इतके हसले की काट्यावरचा आकडा दोनदा पाहावा लागला.

मी त्यांना कसं सांगू, बाबा, अजून एक निकाल यायचा आहे, आणि त्यात माझा नंबर लागला तर मी पुणे सोडणार आहे?

काल स्टँडवर तुमचे कलीमभाई भेटले. देऊळघाटला जाणाऱ्या त्यांच्या जीपमध्ये माणसं भरत होते. मी तोंड फिरवून निघणार तोच ओरडले, "ओ पुणेवाली! आता आपल्या जीपमध्ये बसशीन का नाही?"

मी विचारलं, "आयशाले माहीत आहे?"

"म्हंजे काय! फोटो काढून दाखवला ना तिले. म्हटलं पाहाय तुही मैत्रीण, आमदारावानी लटकली."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणे, छान आला फोटो."

एवढंच. पुढे त्यांनी कोणाला तरी मागच्या सीटवर सरकायला सांगितलं आणि गेले. तू खरंच तेवढंच म्हणालीस का? तू चिडलीस की बोलतेस, मला माहीत आहे. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला माझ्या हातून ब्युरेट फुटला तेव्हा तू आठवडाभर बोलत होतीस. गप्प बसतेस ते दुसऱ्या कारणाने.

मागच्या पत्रात फ्लेक्सचं लिहिलं नाही, कारण तो तेव्हा नव्हता. हे लपवणं नव्हे. तेवढं तरी खरं धर.

योगिनी


चिखली
मंगळवार, ३ जून

आयशा,

काल मुलाखत झाली! मला हे कोणाला तरी सांगायचंच आहे, आणि तू वाचशील की फाडशील हे ठाऊक नसतानाही तुलाच सांगावंसं वाटतं.

आमच्या गल्लीत नेट टिकत नाही, म्हणून मी गजेंद्रभाऊंच्या दुकानातून बसले. दार लावून घेतलं, तरी बाहेरचा लिलाव आत येत होता. हैदराबादला तिघे होते, दोन सर आणि एक बाई. बाईंनी विचारलं, तुमच्या मागे हा कसला आवाज आहे? मी सांगितलं, सोयाबीनचा लिलाव चालू आहे, माझे वडील मापाडी आहेत. मग त्यांनी मला लिलाव कसा होतो ते विचारलं, मापाडी काय करतो ते विचारलं, आणि मी बोलता बोलता दगडाचं सांगून टाकलं. तुला आठवतो तो काळा दगड? तो बाबांनी सुतळीने काट्याला टांगला आणि मोजला: एक किलो सातशे चाळीस. मग तसाच टांगलेला पाण्याच्या बादलीत बुडवून मोजला: एक किलो एकशे चाळीस. सहाशेचा फरक. म्हणजे तेवढ्याच आकाराच्या पाण्यापेक्षा दगड दोन पूर्णांक नऊ पट जड. आपला काळा दगड तेवढाच असतो! पुस्तकात असतो तेवढाच! बाई पुढे वाकून म्हणाल्या, "सुतळीचं वजन धरलंत का?" मी म्हटलं, "हो मॅडम, सुतळी आधी मोजली, काटा हललाच नाही." तेव्हा दोन्ही सर हसले. आयशा, ते माझ्यावर हसले नाहीत. आपण उत्तर बरोबर आल्यावर हसायचो तसे हसले.

बाहेर आल्यावर आठवलं की मी "लोणारचा दगड" म्हटलं होतं. त्यांना वाटलं असेल सरोवरातला. तिथून दगड उचलायला बंदी आहे, आणि तो तिथला नाहीच, मामांच्या विहिरीतून निघालेला आहे, सरोवरापासून सहा किलोमीटरवरचा. मी लगेच ईमेल करून दुरुस्ती कळवली. गजेंद्रभाऊ म्हणाले, "तुले कोनी विचारलं होतं काय?" संध्याकाळी उत्तर आलं: "नोंद घेतली. आभारी आहोत." याचा अर्थ चांगला की वाईट, मी तेव्हापासून ते चार शब्द वाचते आहे.

आता दुसरं. आज सकाळी मी पुण्याच्या कार्यालयाला फोन केला. नाव सांगितलं नाही, ते माझं चुकलं. विचारलं की दुसरीकडचा निकाल येईपर्यंत जागा धरून ठेवली तर चालतं का. तिथल्या मॅडम फार सहज म्हणाल्या, "अहो, सगळेच ठेवतात. नियमात आहे. प्रवेशाच्या दिवसापर्यंत केव्हाही सोडता येते."

"आणि प्रतीक्षा यादीतल्या मुलीचं काय?"

"ती यादी १३ जूनला, शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद होते. त्याआधी जागा सुटली तर तिला मिळते, चोवीस तासांत तिने स्वीकारली पाहिजे. नंतर सुटली तर रिकामी राहते."

"रिकामी?"

"या वर्षी रिकामी."

मी फोन ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ जाऊन उभी राहिले. शुक्रवार १३. सोमवार १६. मधले तीन दिवस.

म्हणजे मी नियमाने थांबले आणि हैदराबादला लागले, तर पुण्याची जागा ना माझी ना तुझी. आणि तुला हे यादी लागली त्या दिवसापासून माहीत असणार. तू नियम आधी वाचतेस.

आणखी एक आहे. १८ तारखेचं वाक्य ही माझी खरी चूक नव्हे. ते मी दुरुस्त केलं, कारण ते सोपं होतं. खरी चूक मार्चमधली. पुण्याची मुलाखत देऊन आपण परत येत होतो आणि बस जालन्याच्या स्टँडवर थांबली होती. तू भजी आणलीस. तो फॉर्मसुद्धा तूच शोधला होतास, तुझ्याच फोनवरून माझा भरलास, आधी माझा आणि मग तुझा. मी भजी खाता खाता म्हटलं, "मले त हैदराबादचीच पडली आहे. माझा नंबर लागला त मी सोडून देईन, तू जाय." तू मागितलं नव्हतंस. तू फक्त माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "कागद खाशीन, भजा संपला." मी ते बोलले तेव्हा खरंच तसं वाटत होतं. फुकट होतं ना तेव्हा ते बोलणं.

मग यादी लागली. बाबांच्या अंगावरचा तो भुसा, ती सही, आणि हैदराबादचं काहीच हातात नाही. मी घाबरले.

योगिनी


चिखली
रविवार, ८ जून

प्रिय आयशा,

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. पाच ओळी. पाठ झाल्या आहेत, तरी तुझ्याच शब्दांत परत लिहिते, म्हणजे माझ्याकडून काही बदलायला नको:

"यादी लागल्यावर आठ दिवस तुझ्या फोनची वाट पाहिली. आता पाहत नाही. बुलडाण्याला बी.एस्सी.चा फॉर्म भरला. मला दया नको, दगडाचं मात्र छान झालं. ईदला मी लोणारला नानीकडे आहे."

दगडाचं मात्र छान झालं! मी ते मायला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "कोनाचं पत्र?" आणि नाव ऐकून म्हणाली, "मंग एवढी काऊन रडून राह्यली?" मी रडत नव्हते. थोडी होते.

तू नाहीस हे माहीत असून मी काल देऊळघाटला तुमच्याकडे गेले, हे तुला कळवणं भाग आहे. दरवर्षी ईदला जाते, तर या वर्षी न जाणं म्हणजे तुझ्या घरी काहीतरी सांगितल्यासारखं झालं असतं. निदान जाताना मी स्वतःला हेच कारण दिलं.

नसीमा चाचींनी दारातच धरलं. "आयशा नाही त काय झालं, आमी मेलो काय?" बैठकीत त्यांनी चाचांनी भरलेल्या नव्या गाद्यांची चळत बाजूला केली आणि मला बसवलं. शिरखुर्मा आला. मग अब्दुल गनी चाचा आले. आले ते माझ्या डोक्यावर हात ठेवतच. "मुबारक हो बेटा. कलीमनं तुझा बोर्ड दाखवला फोनवर. मी म्हटलं, अरे ही त आपली योगिनी!"

मी म्हटलं, "चाचा, आयशाचं…"

"आयशाचा नंबर नाही लागला, कोई बात नहीं. ती म्हणे, अब्बा, जिल्ह्यातून एकच घेतात, अन् योगिनी माझ्याहून हुशार आहे. दोघीतून एकीचा लागला ना? आपल्याच घरात आला."

आयशा, तू त्यांना प्रतीक्षा यादीचं सांगितलंच नाहीस.

चाची स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "पन ती बुलडान्याचा फॉर्म भरून आली त दिवसभर पापड लाटले तिनं. दोन किलो! मी म्हटलं, कोनाचं लगन आहे बाई?" चाचा हसले. मीही हसले. चाचींनी दुसरी वाटी आणली आणि मी ती घेतली.

मी काही बोलले नाही. बोलायचं ठरवूनच गेले होते असंही लिहिणार होते, पण ते खरं नाही. मला पाहायचं होतं की तुझ्या घरी माझ्यावर राग आहे का. राग असता तर मला सोपं गेलं असतं, मी रागाला उत्तर दिलं असतं. तिथे काजू टाकलेली दुसरी वाटी होती, आणि मी ती पूर्ण संपवली.

निघताना चाचा म्हणाले, "वसतिगृहाची गादी पातळ असते. जायच्या आधी चार दिवस सांग, मी रुई पिंजून देतो." मी "हो" म्हटलं. मे महिन्यापासून मी सगळ्यांना हो म्हणत सुटले आहे.

परत येताना मात्र एक विचित्र गोष्ट झाली. जीपमध्ये मी मनाशी पुण्याचं चित्र काढायला बसले. मी त्या वसतिगृहात, माझं कुलूप, माझी बादली. नेहमी येतं ते चित्र. काल आलंच नाही. त्या खोलीत सारखी तूच दिसत होतीस, स्टॅटिस्टिक्सचं पुस्तक उपडं टाकून कोणाशी तरी भांडताना. आणि मी दिसत होते ती दगडांच्या कपाटापुढे, कुठल्या तरी गावात जिथली भाषा मला येत नाही. इतकं बरं वाटलं की मी एकटीच हसले आणि शेजारच्या बाईंनी पदर सावरला.

मला पुणे नको आहे, आयशा. मी ते भीतीने धरून बसले आहे.

तुझी
योगिनी


चिखली
मंगळवार, १० जून

प्रिय आयशा,

हे पत्र पोस्टाने वेळेत पोचणार नाही. कलीमभाई उद्या तुला आणायला लोणारला येणार आहेत, त्यांच्या हातात देते. त्यांनी विचारलं, "आत काय हाये?" मी म्हटलं, "आयशाचं काम आहे." ते म्हणाले, "तिचं काम अन् तुझा चेहरा उजळला, गंमतच हाये."

आज दुपारी मी बाबांचा डबा घेऊन बाजारात गेले. लिलाव संपला होता, मोजणी चालू होती. बाबा काट्याजवळच्या पोत्यावर बसून जेवत होते. मी सरळ विचारण्याऐवजी आडून विचारलं, कारण मी भित्री आहे.

"बाबा, भाव बोलला गेल्यावर शेतकऱ्याले नाही म्हणता येते का?"

"येते ना. काट्यावर पह्यलं पोतं चढेपर्यंत माल त्याचा. भाव पटला नाही त उचलून नेते."

"व्यापारी चिडत नाही?"

"चिडते. पन कायदा हाये." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "पन एक हाये. नाही म्हणाचं असन त लवकर म्हणा लागते. कोनी कोनी मानूस ओट्यावर ढीग टाकते अन् बसून राह्यते. इकतबी नाही, उचलतबी नाही. उद्या भाव वाढन म्हणते. कायदा त्याले काही म्हणत नाही. पन मांगची गाडी फाटकात उभी राह्यते ना! तिले ओटाच भेटत नाही. दिवस मावळला की तो गडी वापस जाते. त्याचं त काही चुकलेलंबी नसते."

मी म्हटलं, "बाबा, मी ओट्यावर बसली आहे."

ते जेवायचे थांबले. मग मी सगळं सांगितलं. हैदराबाद, १६ तारीख, १३ तारीख, प्रतीक्षा यादी, आणि मागच्या गाडीत कोण आहे तेही. जालन्याची भजीसुद्धा सांगितली.

त्यांनी हातातला तुकडा डब्यात ठेवला. मग म्हणाले, "गनीभाईची पोरगी?"

"हो."

"जिनं तुहा फारम भरला थे?"

"हो."

"अन् हैदराबाद नाही झालं त?"

"तर इथेच, चिखलीच्या कॉलेजात. घरून जाईन."

"ते चालन तुले?"

मला ताबडतोब "चालेल" म्हणायचं होतं. म्हटलं नाही. सध्या मी खोटं मोजून बोलते. मी म्हटलं, "वाईट वाटेल. खूप वाईट वाटेल. पण चालेल. पुढच्या वर्षी हैदराबादची परीक्षा परत देता येते, आणि मी ती देईन."

बाबांनी डबा बंद केला. "दगड पाण्यात बुडवला तवा मी गंमत म्हणून धरला होता काटा. तू आकडा लेहून घेतला अन् नाचाले लागली. मंग मले वाटलं होतं, हे काही पुन्याचं दिसत नाही." आणि मग एकदम रागावले. "मंग सही करताना काऊन नाही बोलली? एवढं मोठं पोस्टर लावलं लोकांनी! आता उतरवाले मीच चढू काय फाटकावर?"

"मी चढते."

"तू खाली उभी राह्य अन् शिडी धर. लोकांले काय सांगाचं ते मी पाह्यतो." जरा वेळाने काट्याकडे पाहत म्हणाले, "सोडाचं असन त आखरीच्या दिवसावर ठेवू नको. गाडी आत यायले, माल उतरवाले येळ लागते."

मायला घरी येऊन सांगितलं तेव्हा तिने आधी पिठाचा डबा काढला. मग तिने विचारलं, हैदराबादला कुलूप लागतं का. मी म्हटलं, लागत असेल. ती म्हणाली, "मंग लागन तवा लागन," आणि पीठ मळायला बसली, जरा जोरातच.

मला काल रात्रीपासून भूक लागत नाही आणि तरी मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढते आहे. १६ला काय होईल ते मला माहीत नाही. मुलाखत चांगली झाली असं मला वाटतं, पण मला पुष्कळ गोष्टी वाटतात. "नोंद घेतली. आभारी आहोत" याचे मी आतापर्यंत नऊ अर्थ काढले आहेत. तरीही सोडायच्या विचाराने जितकं हलकं वाटतंय तितकं स्वीकारताना वाटलं नव्हतं.

आता तुझी ती ओळ. "मला दया नको." मी दया करावी इतकी मोठी नाही. यादीत तुझं नाव दुसरं आहे ते तुझ्या गुणांनी. मध्ये मी बसले आहे, मी उठते. त्यानंतर ईमेल तुला विद्यापीठाकडून येईल, माझ्याकडून नाही. तू नाही म्हणालीस तर तो तुझा हक्क, मी एक अक्षर बोलणार नाही. पण रागाने नाही म्हणू नकोस. माझ्यावरचा राग वेगळा ठेव आणि पुण्याला घेऊन जा, तिथे खोलीत जागा असेल. चाचांना प्रतीक्षा यादीचं तू सांग. फ्लेक्सचं आणि माझं मी येऊन सांगेन. गादी मात्र त्यांना तुझ्या मापाची करायला सांग, तू आडवी झोपतेस.

कामाच्या गोष्टी. नानीकडे नेट येत नसेल तर उद्याच कलीमभाईंबरोबर परत ये. ईमेल आल्यावर तुला चोवीस तास मिळतात, आणि यादी शुक्रवारी पाचला बंद होते. त्यातलं जे आधी संपेल ते धर. संमतीच्या कागदावर चाचांची सही लागेल, ओळखपत्राची प्रत जोडावी लागते, फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचाच चालतो. माझा पहिला परत आला होता, कारण मागे निळं होतं. सोडायच्या पानावर एक इशारा येतो की हे परत फिरवता येणार नाही. मी आज ते पान उघडून तो इशारा शेवटपर्यंत वाचला आणि बंद केलं. लगेच दाबून टाकायचा मोह झाला होता. पण बाबांची सही त्यावरही लागते, आणि उद्या बुधवारी त्यांच्याकडे दोन ट्रक आहेत. शिवाय तुला हे पत्र त्याआधी मिळायला हवं होतं.

पुण्याचं कार्यालय दहाला उघडतं. बाबांनी सकाळची सुट्टी मागून घेतली आहे, मापाडी झाल्यापासूनची पहिलीच. पावणेदहाला आम्ही दोघं गजेंद्रभाऊंच्या दुकानात असू, दहाला मी जागा सोडेन. परवा, गुरुवार, १२ जून.

तुझी
योगिनी